बंद करू नये

१९९६च्या पावसाळ्यात मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात लागलो. नेमणूकपत्रावर 'सिस्टिम इंजिनियर' लिहिलं होतं. गेटवरचा वॉचमन, मागावरची पोरं आणि खुद्द मालक, सगळे 'कॉम्प्युटरवाला' म्हणायचे. कारखान्यात एसी दोनच ठिकाणी होता. एक मालकांच्या केबिनला आणि दुसरा डिझाइनच्या खोलीला, कारण तिथे वर्कस्टेशन होतं, म्हणजे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा ताकदवान कॉम्प्युटर. मुंबईहून सेकंडहँड आणलेलं, जेवणाच्या ताटाएवढं चपटं खोकं आणि वर भला मोठा मॉनिटर. जकार्डची, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीची, डिझाइनं त्यावर निघायची. मे महिन्यात अख्ख्या ऑफिसला त्या खोलीत काही ना काही काम निघायचं, आणि ते डिझाइनचं नसायचं.

मालकांना सगळे अण्णा म्हणत. एका दुपारी ते खोलीत आले, पडद्याकडे बघत जरा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "डिझाइन मास्तर जेवायला गेला की हे काय करलालंय?"

मी म्हटलं, काही नाही अण्णा, बसून आहे.

"मग एक्स्पोर्टचे कागद काढ की यावर. माग असा बसवून ठेवतो का आपण?"

मला वाटलं, महिन्याभराचं काम आहे. दीड वर्ष गेलं.

एक्स्पोर्टचे कागद आमचे एक्स्पोर्टवाले काका इलेक्ट्रॉनिक टाइपरायटरवर काढायचे. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, युरोपला माल जायचा असला की जीएसपीचा, म्हणजे तिथल्या आयात शुल्कात सवलत मिळवून देणारा, फॉर्म ए. काका निष्णात होते, पण बाराव्या ओळीत चूक झाली की पान पहिल्यापासून. बँक या कागदांकडे किती बारीक नजरेने बघते हे मला तोवर माहीत नव्हतं. माल घेणाऱ्याची बँक पैशांची हमी देते ती एलसी. १ जानेवारी १९९४पासून एलसीसाठी यूसीपी ५०० हे आंतरराष्ट्रीय नियम लागू झाले होते. त्यानुसार इन्व्हॉइसवरचं मालाचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळायला हवं, आणि एलसीत वेगळं काही म्हटलं नसेल तर माल रवाना झाल्याच्या तारखेपासून २१ दिवसांत कागद बँकेत पोहोचायला हवेत. जुळलं नाही की 'डिस्क्रिपन्सी'. मग टॉवेल हॅम्बर्गला आणि पैसे अधांतरी.

हे काम युनिक्सवर आणायचं तर काय काय लागेल याची यादी केली, आणि लक्षात आलं की आपल्याकडे नुसतं यंत्र आहे. बाकी सगळं बाहेरून आणायचं. यंत्र एका कंपनीचं, केबलला जोडायचा ट्रान्सिव्हर दुसरीचा, छपाईचं सॉफ्टवेअर तिसरीचं, कागदावर मजकूर मांडायचं चौथीचं, ऑफिसमधल्या विंडोज ३.११च्या पीसींना टीसीपी-आयपी ही नेटवर्कची भाषा शिकवायचं पाचवीचं. प्रत्येकाचं जाडजूड मॅन्युअल, प्रत्येकाचा वेगळा डीलर, आणि बिघाड दुसऱ्याच्याच मालात आहे याबद्दल प्रत्येकाची पक्की खात्री.

आमच्या जॉबरला, म्हणजे मागांवरच्या मुकादमाला, हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "साहेब, ताण्याचा बीम संपला की नव्या बीमचा एकेक धागा जुन्याला जोडायला लागतो. कापड कधी मधे तुटत नाही बघा. तुटतं ते गाठीत."

पहिली गाठ केबलची होती. यंत्रं एकमेकांना जोडायला तेव्हा पातळ कोॲक्स केबलवरची इथरनेट वापरात होती. आरजी-५८ केबल, बीएनसी कनेक्टर, प्रत्येक यंत्रामागे टी आकाराचा एक जोड, आणि केबलच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे सिग्नल उलटा फिरू न देणारं टोपण. एका तुकड्याची लांबी १८५ मीटरपर्यंत. आमची डिझाइनच्या खोलीतून निघून, अंगण ओलांडून, एक्स्पोर्टच्या ऑफिसातून अकाउंट्सपर्यंत साधारण १४० मीटर भरली. कागदावर सगळं नियमात होतं.

पण आमचा इलेक्ट्रिशियन नीटनेटकेपणाचा भोक्ता. टी यंत्राला लोंबकळताना त्याला बघवेना. त्याने टी भिंतीतल्या पेटीत बसवला आणि तिथून पीसीपर्यंत दोन मीटरची वेगळी केबल ओढली. दिसायला फार छान झालं. नेटवर्क मात्र कधी चालायचं, कधी नाही. या पद्धतीत टी थेट यंत्रातल्या नेटवर्क कार्डालाच लागायला हवा. मधे शेपूट काढलं की सिग्नल तिथून उलटा फिरतो. हे मॅन्युअलात लिहिलेलं होतं, आणि मॅन्युअल कपाटात होतं. भिंती पुन्हा फोडल्या तेव्हा इलेक्ट्रिशियन आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

मग ट्रान्सिव्हर. वर्कस्टेशनच्या पाठीमागे एयूआय नावाचा १५ पिनांचा पोर्ट. त्याला स्क्रू नसतात, पत्र्याची एक सरकती खिट्टी असते. शेजारच्या शेडमध्ये यंत्रमागांची रात्रंदिवस धडधड. त्या हादऱ्याने खिट्टी हळूहळू सरकायची आणि दोन-तीन दिवसांनी नेटवर्क गायब. शेवटी डिझाइन मास्तरांनीच उठून पाइलचं सूत आणलं आणि कनेक्टर यंत्राला करकचून बांधला. तो पुन्हा कधीच हलला नाही.

अंगणापलीकडच्या इमारतीचं अर्थिंग वेगळं होतं. बीएनसीला हात लावला की मुंग्या यायच्या. केबलचं बाहेरचं जाळीचं कवच एकाच जागी अर्थ करायचं असतं. आमचं दोन ठिकाणी पत्र्याला टेकत होतं. प्लास्टिकचे बूट चढवले, मुंग्या थांबल्या.

खंडेनवमीचा किस्सा मात्र सांगायलाच हवा. कारखान्यात त्या दिवशी सगळी यंत्रं धुऊन-पुसून पूजा होते, मागांना झेंडूच्या माळा लागतात. अकाउंट्समधल्या मुलाने उत्साहाने पीसीही पुसला. पाठीमागे एक 'टोपण' दिसलं, ते काढून चकचकीत केलं आणि हळदीकुंकू वाहून बाकी हत्यारांबरोबर पाटावर मांडलं. दसऱ्यानंतर कामावर आलो तर अख्खं नेटवर्क बंद. मल्टिमीटर लावला. दोन्ही टोकांचे टर्मिनेटर जागेवर असले की टीपाशी साधारण २५ ओहम दिसतात. मला ५० दिसले, म्हणजे एक टोक उघडं. तो टर्मिनेटर मला अण्णांच्या देव्हाऱ्यात मिळाला. कुंकवासकट लावला, चालला.

दुसरी गाठ छपाईची, आणि ती जास्त चिवट होती.

अकाउंट्सचा १३६ कॉलमचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर युनिक्सच्या रांगेत जोडून पहिली चाचणी घेतली. पहिली ओळ डावीकडून सुरू झाली, दुसरी पहिली जिथे संपली तिथून, तिसरी त्याच्याही पुढून. सगळा ताळेबंद जिन्यासारखा उतरत उजव्या कडेबाहेर गेला. अकाउंटंट म्हणाले, "विजापूरला गोलघुमटावर चढलालोय की काय आपण?" कारण साधं होतं. युनिक्समध्ये ओळ संपली की एकच खूण असते, 'पुढच्या ओळीवर जा'. 'डाव्या कडेला परत ये' ही दुसरी खूण तो पाठवत नाही. प्रिंटरला दोन्ही लागतात. मधे एक छोटा फिल्टर लिहून ठेवला, जिना मोडला.

एक्स्पोर्टच्या ऑफिसात पोस्टस्क्रिप्ट ही पान मांडायची भाषा समजणारा लेझर प्रिंटर घेतला. डिझाइन मास्तरांना त्यावर मोराच्या टॉवेलचा नमुना छापून हवा होता. मोर अर्धाच आला. पुन्हा पाठवला, पुन्हा अर्धा, आणि बरोबर त्याच जागी मान कापलेली. मास्तर म्हणाले, प्रिंटर परत करा. दोष प्रिंटरचा नव्हता. युनिक्सच्या बर्कले आवृत्तीतल्या लाइन प्रिंटर व्यवस्थेत प्रिंटकॅप नावाच्या फाइलमध्ये प्रत्येक प्रिंटरची माहिती असते. त्यात 'एमएक्स' ही मर्यादा लिहिली नसेल तर ती १००० ब्लॉक धरली जाते, म्हणजे साधारण एक एमबी. मोर त्याहून मोठा होता. एमएक्स शून्य केलं, म्हणजे मर्यादाच नाही, आणि पिसाऱ्यासकट मोर बाहेर आला. तो कागद पुढे कित्येक वर्षं त्या खोलीत भिंतीवर होता. जाता जाता सांगतो, प्रिंटकॅपमध्ये ओळीच्या शेवटी उलटी तिरकी रेघ देतात, तिच्यापुढे चुकून एक स्पेस राहिली तरी पुढचा सगळा मजकूर वाया जातो. डोळ्यांना ती दिसत नाही. माझा एक अख्खा गुरुवार त्या एका स्पेसने खाल्ला.

पीसीवरून छापायला लागलो तर युनिक्स म्हणे, पाठवणाऱ्याचा पत्ताच चुकीचा आहे. पीसीच्या सॉफ्टवेअरचा डीलर म्हणाला, युनिक्स बिघडलंय. युनिक्सवाला म्हणाला, पीसीचं सॉफ्टवेअर बोगस आहे. पुण्याच्या एका मित्राकडे आरएफसी ११७९ची, म्हणजे नेटवर्कवरून छपाई कशी मागायची ते सांगणाऱ्या दस्तऐवजाची, छापील प्रत होती, ती त्याने कुरिअरने पाठवली. हा दस्तऐवज १९९०चा. त्यात लिहिलंय की छपाई मागणाऱ्याने स्वतःच्या बाजूचा पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांक, ७२१ ते ७३१ यांतलाच वापरावा. आमचं पीसीचं सॉफ्टवेअर वाटेल तो पोर्ट घेत होतं. त्या ओळीखाली रेघ मारून पान फॅक्स केलं. पंधरा दिवसांनी नवी फ्लॉपी आली, सोबत एका शब्दाचंही पत्र नव्हतं.

आता मुख्य काम, कागद मांडण्याचं. युनिक्स आणि कागदपत्रं यांचं नातं जुनं आहे. १९७१च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये युनिक्सला पहिलं खरं गिऱ्हाईक मिळालं ते तिथलं पेटंट खातं, आणि त्यांना हवी होती पेटंटचे अर्ज टाइप करायची सोय. पुढे जो ओसाना यांनी कागदावर मजकूर मांडणारं ट्रॉफ लिहिलं, ते सी/ए/टी नावाच्या फोटोटाइपसेटरसाठी, म्हणजे प्रकाशाने अक्षरं उमटवणाऱ्या यंत्रासाठी. १९७७मध्ये ओसाना गेले आणि ब्रायन कर्निहॅन यांनी ते कुठल्याही छपाईयंत्रावर चालेल असं केलं. आमच्या यंत्रावरचं फुकट मिळालेलं ट्रॉफ मात्र अजून त्या जुन्या फोटोटाइपसेटरच्याच भाषेत बोलत होतं. ते यंत्र सोलापुरातच काय, कुठेही बघायला मिळालं नसतं. म्हणून पोस्टस्क्रिप्ट काढणारं, दुसऱ्या कंपनीचं ट्रॉफ विकत घेतलं. जेम्स क्लार्क यांचं ग्रॉफ १९९०पासून फुकट मिळत होतं, हे मला पैसे भरून झाल्यावर कळलं. ही गोष्ट मी अण्णांना आजतागायत सांगितलेली नाही.

ट्रॉफमध्ये पान पडद्यावर दिसत नाही. ठिपक्याने सुरू होणाऱ्या आज्ञा लिहायच्या, चौकटींसाठी टीबीएल वापरायचं, आणि छापून आल्यावरच खरं काय ते कळायचं. काकांना मी घाबरत घाबरत दाखवलं. त्यांना ते लगेच आवडलं. म्हणाले, "म्हणजे मजकूर वेगळा आणि मांडणी वेगळी. एकदा चौकट बसली की पुन्हा हात लावायचा नाही. बरंय की." पडद्यावर पान जसंच्या तसं दिसलं नाही म्हणून अडलेली माणसं मी पुढे खूप पाहिली. टाइपरायटरवर तीस वर्षं काढलेल्या माणसाला ते पान आधीच डोक्यात दिसत होतं.

इन्व्हॉइस कोऱ्या कागदावर असल्याने सुरळीत निघालं. फॉर्म एने इंगा दाखवला. तो छापील असायचा, हिरव्या नक्षीच्या पार्श्वभूमीवर बारा रकाने, आणि मजकूर नेमका रकान्यातच पडायला हवा. आमचा मजकूर प्रत्येक वेळी बोटभर खाली. वरचा समास कमी केला की वरची ओळ कापली जायची आणि खालची तरी बसायची नाही. कोरे फॉर्म विकत आणावे लागत, ते भराभर वाया जात होते. काका बोलत नव्हते, पण प्रत्येक फॉर्म फाडताना माझ्याकडे बघायचे.

एका रात्री पट्टी घेऊन बसलो. चूक मोजली तर दर वेळी साधारण १८ मिलिमीटर. एफोर कागद २९७ मिलिमीटर लांब, अमेरिकन लेटर कागद २७९. फरक १८. सॉफ्टवेअरने आपण कॅलिफोर्नियात आहोत असं धरलं होतं. पोस्टस्क्रिप्ट पान मोजतं खालच्या डाव्या कोपऱ्यापासून. लेटर ७९२ पॉइंट उंच, एफोर ८४२. वरून मोजलेला आमचा सगळा मजकूर ५० पॉइंट खाली बसत होता. ट्रॉफला पानाची लांबी २९.७ सेंटिमीटर सांगितली तर ते ऐकलं, पण छपाईचं सॉफ्टवेअर वेगळ्या कंपनीचं, ते पुन्हा आपल्या मनाने लेटर धरायचं. दोन्हीकडे सांगितलं तेव्हा मजकूर रकान्यात बसला. काकांनी तो फॉर्म उजेडाकडे धरून बघितला, घडी न घालता फायलीत ठेवला आणि शेंगाचटणीचा डबा माझ्यापुढे सरकवला.

एक फजिती माझ्या अतिशहाणपणाची. मी छापण्याआधी स्पेलिंग तपासायची सोय जोडून दिली होती. एका एलसीत 'टेरी टॉवेल्स'मधला टेरी एका 'आर'ने लिहिला होता, बँकेच्या कुणाच्या तरी चुकीने. मी तो सुधारून इन्व्हॉइसवर दोन 'आर' केले. काका किंचाळलेच. "एलसीत चूक असेल तर आपणही तीच चूक करायची! बरोबर लिहिलं की डिस्क्रिपन्सी!" स्पेलिंगची सोय त्याच दिवशी काढली.

मराठीचंही थोडं केलं. पुण्याच्या मित्राने टेपवर टेक हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर आणि त्यासाठीचं फ्रान्स व्हेल्थुइस यांचं १९९१चं देवनागरी पॅकेज भरून दिलं. रोमन अक्षरांत मराठी लिहायचं, एक प्रोग्रॅम चालवायचा, मग टेक, मग पोस्टस्क्रिप्ट, मग प्रिंटर. पहिल्यांदा छापताना मेटाफाँट त्या आकाराची सगळी अक्षरं बसून घडवत राहायचं, तेवढ्यात चहा पिऊन यायचो. बोनसची नोटीस अशी छापून लावली तेव्हा कामगारांनी ती आधी हात लावून बघितली आणि नंतर वाचली. निम्मे कामगार घरी तेलुगू बोलणारे. त्यांच्यासाठीचा भाग अण्णा स्वतः शेजारी हाताने लिहायचे.

अशी घडी बसली आणि १९९८ची संक्रांत आली.

सिद्धेश्वरांची यात्रा म्हटल्यावर सोलापुरात कारखाना चालू ठेवायचा विचारही कुणी करत नाही. संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम, गड्ड्यात, म्हणजे जत्रेत, पाळणे. १३ ते १५ जानेवारी सुट्टी होती. जाताना मी शिस्तीत यंत्र शटडाऊन केलं आणि एसीसकट मेन स्विच खाली ओढला.

शुक्रवारी, १६ तारखेला सकाळी यंत्र सुरू केलं तर ते नेहमीसारखं उठलं नाही. पडद्यावर संदेश होता की आयडीप्रॉममधला, म्हणजे यंत्राची ओळख ठेवणाऱ्या जागेतला, मजकूर बाद आहे. त्याखाली इथरनेटचा पत्ता, सगळेच एफ. इथरनेटमध्ये सगळे एफ हा पत्ता 'सर्वांसाठी' राखून ठेवलेला असतो. म्हणजे आमचं यंत्र आपलं नाव 'सगळेजण' असं सांगत होतं. डिस्कवरून हाताने बूट केलं, डिझाइनं सुखरूप दिसली, जिवात जीव आला. मग ट्रॉफ चालवलं. ते म्हणालं, हे माझं यंत्र नव्हे.

त्या सॉफ्टवेअरचं लायसन्स यंत्राच्या होस्टआयडीला बांधलेलं होतं. होस्टआयडी म्हणजे आठ आकड्यांची ओळख, आकडे ० ते ९ आणि पुढे ए ते एफ. ती मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये असते, आणि त्या चिपच्या पोटातच बटणाएवढी बॅटरी असते. तीन दिवस वीज नव्हती, बॅटरी म्हातारी झाली होती, ती गेली आणि यंत्र स्वतःचं नाव विसरलं.

दुपारी काका आले. न्हावाशेवाहून २ जानेवारीला माल चढला होता, म्हणजे कागदांची मुदत २३ला संपत होती. त्यांचा टाइपरायटर अण्णांनी दिवाळीत विकून टाकला होता.

ट्रॉफच्या डीलरला फोन केला. "होस्टआयडी बदलला म्हणजे मशीन बदललं. नवीन लायसन्स घ्या. चार आठवडे." मी म्हटलं, अहो मशीन तेच आहे, आठवण गेलीये फक्त. तो म्हणाला, आमच्या दृष्टीने नवीन. यंत्राच्या डीलरने सांगितलं, अख्खा बोर्ड मुंबईला पाठवा. डिझाइन मास्तरांनी ते ऐकलं आणि दारात खुर्ची टाकून बसले. बोर्ड हलू देणार नाही म्हणाले.

जुना होस्टआयडी कळला तर तो परत घालता येतो, एवढं मी ऐकून होतो. तो होता लायसन्सच्या फॅक्सवर. फाइल शोधली, फॅक्स सापडला, आणि तो कोरा होता. थर्मल कागद. एका सोलापुरी उन्हाळ्यात अक्षरं उडून गेली होती. मी तो तिरका धरून, मग बल्बसमोर धरून वाचायचा प्रयत्न केला. डायऱ्या उलटल्या. अंधार पडला.

रात्री अकरानंतर एसटीडीला पाव दर असायचा, म्हणून त्या वेळी सात रस्त्याच्या बूथवर गेलो. रांगेत तिसरा नंबर. पुण्याच्या मित्राला झोपेतून उठवलं, सगळी कहाणी सांगितली. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "लायसन्सची फाइल डिस्कवर आहे ना?"

आहे.

"ती उघडून बघितलीस?"

काखेत कळसा म्हणतात तो हा. लायसन्सच्या फाइलमध्ये पहिल्याच ओळीत होस्टआयडी लिहिलेला असतो. त्याच्याशीच तर ते ताडून बघतं. दिवसभर मी उडालेला फॅक्स हुंगत बसलो होतो.

त्याने पुढचं समजावलं. आठांपैकी पहिले दोन आकडे यंत्राचं मॉडेल सांगतात. उरलेले सहा आणि इथरनेट पत्त्याचे शेवटचे सहा एकच असतात. पत्त्याचे पहिले सहा कंपनीचे, त्या कंपनीच्या सगळ्या यंत्रांना तेच. म्हणजे होस्टआयडी मिळाला की दोन्ही मिळाले. एकूण १६ बाइट, म्हणजे अशा आकड्यांच्या १६ जोड्या, भरायचे, आणि शेवटचा बाइट म्हणजे आधीच्या पंधरांचा एक्सॉर. बूथवाल्याकडून मागून घेतलेल्या बिलाच्या पाठीवर मी ते उतरवलं. मीटरकडे बघायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवारी यंत्राला त्याच्या 'ओके' प्रॉम्प्टवर आणलं आणि बाइट भरले. यंत्र म्हणालं, बाद. एक्सॉर माझाच चुकला होता. काका शेजारी बसले, कागद घेतला, म्हणाले, "मला रीत सांग." मी सांगितली: दोन्ही सारखे असले तर शून्य, वेगळे असले तर एक. त्यांनी पंधराच्या पंधरा बाइट शून्य-एकमध्ये मांडून, एकाखाली एक, बेरजेसारखा हिशेब केला. टाइपरायटरच्या माणसाची मांडणी, एक रकाना इकडचा तिकडे नाही. माझी चूक नवव्या बाइटात होती. त्यांचा आकडा भरला. यंत्राने आपला पत्ता सांगितला, नेटवर्कने ओळखलं, ट्रॉफने ओळखलं.

फक्त एकच पंचाईत. बॅटरी मेलेलीच होती. वीज आहे तोवर आठवण, वीज गेली की पुन्हा 'सगळेजण'. आणि सोलापुरात वीज जाणार नाही असं कोण म्हणेल? त्याच दिवशी यूपीएसला दोन जादा बॅटऱ्या जोडल्या, जनरेटर ऑपरेटरला सांगून ठेवलं, सोळा बाइटांचा कागद कीबोर्डखाली चिकटवला. आणि मेन स्विचवर लावायला टेकमध्ये, सगळ्यात मोठ्या टाइपात नोटीस छापली: 'बंद करू नये.' अण्णांनी त्याखाली तेलुगूत लिहिलं. ते माझ्या तीन शब्दांपेक्षा बरंच लांब होतं. काय लिहिलंय विचारल्यावर म्हणाले, "तुला नको कळायला."

मंगळवारी, २० तारखेला सगळे कागद निघाले, २१ला बँकेत पोहोचले. एकही डिस्क्रिपन्सी नाही. त्या आठवड्यात वीज सहा वेळा गेली. प्रत्येक वेळी पंखे थांबले की डिझाइनच्या खोलीकडे पळणाऱ्यांत मी, मास्तर आणि आमच्या मागे काका.

नवी चिप मार्चमध्ये आली. २४ पायांची, सॉकेटमध्ये बसणारी, बोर्ड मुंबईला पाठवायची काहीच गरज नव्हती. जुनी काढली, नवी बसवली, काकांच्या कागदावरून सोळा बाइट भरले. सगळं सुरू झालं. मास्तर म्हणाले, झालं मग. मी म्हटलं, अजून नाही.

मेन स्विचपाशी गेलो, नोटीस काढून खिशात ठेवली आणि स्विच खाली ओढला. एसी थांबला, पंखा थांबला, शेजारच्या मागांचा आवाज एकदम जवळ आल्यासारखा वाटला. आम्ही तिघं कँटीनला गेलो, चहा घेतला, काकांनी दुसराही मागवला. परत येऊन स्विच वर केला. पडदा उजळला, खाली इथरनेटचा पत्ता आला. काकांनी खिशातून कागद काढून एकेक आकडा बोटाने ताडून बघितला. तोच होता.